पंचवीस किलोची दोरी

"मासा पकडायचाय की म्हैस बांधायचीय?" मंदाने विचारले.

"तुला त्यातलं कळत नाही," हिंमतराव म्हणाले. संध्याकाळपासून ते हेच म्हणत होते, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली येत होता. कारण त्यातले त्यांनाही कळत नव्हते.

हॉलच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून खरेदी मांडली होती. दोन तुकड्यांची, जोडली की सात फूट होणारी लवचीक काठी. मुठीत मावेल एवढे रीळ, त्याला बाजूला फिरवायची दांडी. आमिष म्हणून तळहाताएवढा हिरवा प्लॅस्टिकचा मासा, त्याच्या पोटाखाली लोंबणारे तीनतोंडी गळ, आणि डोळे असे वटारलेले की खरा मासा समोर आला तर माफी मागून निघून जाईल. शिवाय दोरी. भांडण दोरीवरून चालले होते. तिच्या वेष्टनावर पंचवीस किलो लिहिले होते, म्हणजे एवढा भार आला तरी ती तुटणार नाही. मंदाने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि हिच्यावर ओल्या चादरी वाळत घालता येतील, असे मत दिले.

दुकानात काय झाले ते मितालीने आल्या आल्या सांगून टाकले होते. ती पप्पांबरोबर गेली होती. दुकानदाराने विचारले, "अंकल, पहेली वार?" हिंमतराव काठ्या न्याहाळू लागले. मोहिते घराण्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा होत नसते. त्यांचे पणजोबा सरकारी पागेत होते, आणि ते घोड्यांच्या वैरणीचा हिशेब बघत ही गोष्ट सोडली, तर त्या पागेबद्दल हिंमतराव पुष्कळ सांगत. दुकानदाराने मुकाट्याने शिकाऊ माणसाला झेपेल अशी काठी काढली, तिला शोभेल असे लहान रीळ काढले, आणि पाच किलोची बारीक दोरी पुढे ठेवली. ती हिंमतरावांनी अंगठ्यावरून ओढून पाहिली. मग नखावर घासली. मग विचारले, हिला काच लावलेली नाही का?

"मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल," मिताली म्हणाली.

पण त्यात हिंमतरावांचा काय दोष? बडोद्यात जन्मलेल्या माणसाला दोरा म्हटले की एकच गोष्ट आठवते. दोरा म्हणजे मांजा, रीळ म्हणजे फिरकी, आणि दोरा बारीक निघाला तर पतंग गेला. वाडीतल्या जुन्या घराच्या गच्चीवर त्यांनी पोरवयापासून उत्तरायण गाजवले होते. लग्न झाल्यावर पहिल्याच संक्रांतीला नव्या नवरीच्या हातात त्यांनी फिरकी दिली आणि ती तिच्याच हातात राहिली. हरणीला फ्लॅट घेतला, गच्ची बदलली, फिरकी धरणारी बदलली नाही. ते समोर, मान वर, दोन्ही हात आभाळात. ती त्यांच्या मागे. "ढील!" म्हटले की फिरकी सैल सोडायची, "लपेट!" म्हटले की झरझर गुंडाळायचे. पतंग तिला क्वचितच दिसे. तिला दिसे तो त्यांच्या पाठीमागून येणारा दोरा, आणि तो ताणलेला आहे की मेला आहे हे तिला बघावेही लागत नसे, हाताला कळे.

हिंमतरावांचे बाकीचे छंद माळ्यावर होते. बाजव्याला रिफायनरीत नोकरी करता करता त्यांनी हार्मोनियम घेतली, बोन्साय कापायच्या कात्र्या घेतल्या, होमिओपॅथीची पेटी घेतली. प्रत्येक वस्तू सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मजबूत, आणि प्रत्येक वस्तू वर्षाच्या आत माळ्यावर. तिथून फक्त पतंग तेवढे दर जानेवारीला खाली उतरत.

या जानेवारीत ते उतरले नाहीत. निवृत्तीनंतर मान दुखायला लागली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि मान वर करायची नाही म्हणून बजावले. तरी उत्तरायणाच्या सकाळी हिंमतराव पट्टा बांधून गच्चीवर गेलेच. सगळी सोसायटी आभाळाकडे बघत होती आणि ते लोकांच्या चपलांकडे. थोड्या वेळाने ते खाली आले आणि बाहेर गाणी, भोंगे, आरडाओरडा चालू असताना सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. ते मार्च उजाडला तरी तिथेच होते.

निवृत्त झाल्यावर सुरुवातीला ते मंदाच्या स्वयंपाकघरात येऊन कुकरच्या शिट्ट्यांवर देखरेख करत. मसाल्याच्या डब्यांना त्यांनी कारखान्यासारखी लेबले लावली होती. तेव्हा ती वैतागायची. आता ते येत नव्हते, आणि ते तिला सोसवेना. एके दुपारी तिने स्वतः मिठाचे लेबल साखरेच्या डब्याला लावले आणि तो डबा चहाबरोबर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चहा प्यायला, कप ठेवला, पुन्हा आडवे झाले.

तेव्हा तिने आपल्या भावाला, धनाजीरावाला, फोन केला. पादऱ्याजवळ त्याची शेती आहे, शेतात तलावडी, म्हणजे छोटे तळे आहे, तलावडीत मरळ मासे आहेत. "ज्यात मान वर करावी लागत नाही असं काहीतरी पाहिजे," ती म्हणाली. "आणि तू बोलावू नकोस. बोलावलंस तर येणार नाहीत. डिवच."

धनाजीरावाला बहिणीच्या नवऱ्याला डिवचायची अशी अधिकृत परवानगी आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्याने संध्याकाळीच फोन केला. दाजी, आम्ही सगळे रविवारी मासे धरणार आहोत, तुम्हीही या, तुमच्यासाठी झाडाखाली खुर्ची टाकतो, उसाचा रस ठेवतो, नाजूक मानेच्या माणसाने काठीबिठीच्या नादी लागू नये. हिंमतराव सोफ्यावर उठून बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले.

म्हणून मंदाचा जीव त्या दोरीत अडकला होता. हे सामान माळ्यावर गेले की सोफ्यावरचा माणूस पुन्हा उठणार नाही, हे तिला पक्के दिसत होते.

"दुकानदाराचं ऐकायचं होतं," ती म्हणाली.

"दुकानदार दोरा विकतो. पेच मी लढवलेत. दोरा कमी पडला म्हणजे माणूस हरला. धर."

त्यांनी दोरीच्या चाकात मितालीची पेन्सिल घातली आणि पेन्सिलीची दोन्ही टोके मंदाच्या हातात दिली. इतक्या वर्षांची सवय. ती खाली बसली आणि फिरकी धरावी तसे ते चाक धरले. समोर बसून हिंमतराव रिळाची दांडी फिरवू लागले. चाक तिच्या हातात गरगर फिरत होते, दोरी रिळावर चढत होती, आणि त्या दोघांच्या मधे आल्यावर उगीच पीळ घेत होती. मंदाच्या बोटांना ते आवडले नाही. तिने तसे म्हटलेही. हिंमतराव म्हणाले, बोलू नको, फिरकी धर. काठोकाठ भरेपर्यंत ते थांबले नाहीत. अर्धी भरलेली फिरकी घेऊन गच्चीवर कोण जातो?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या मागच्या मैदानात चाचणी झाली. आमिषाऐवजी दोरीला एक जाडसा नट बांधला होता. मॉर्निंग वॉकची मंडळी थांबली. हिंमतरावांनी काठी मागे नेली, पाय रोवले आणि पणजोबांच्या पागेतले सगळे घोडे एकदम सुटावेत तशी ती पुढे हाणली.

नट त्यांच्या पायांपासून चार पावलांवर पडला. दोरी मात्र सगळीच्या सगळी बाहेर आली. रिळावरून वेटोळ्यांवर वेटोळी उसळली, काठीच्या कड्यांत अडकली, हिंमतरावांच्या मनगटात, चष्म्यात आणि मानेच्या पट्ट्यात गुंतली. सुगरणीने आळस करून सोडून दिलेले घरटे दिसावे तसा एक गोळा त्यांच्या हातात राहिला.

सोसायटीचे सेक्रेटरी वसंतभाई जवळ आले. त्यांनी दोरी निरखली आणि काळजीने विचारले, "हिंमतभाई, आ तो नायलॉन छे. नायलॉननो दोरो तो बंद छे ने?"

पतंगाला नायलॉनचा दोरा चालत नाही, पोलीस धरतात, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होते. हा पतंग नाही, मासेमारी आहे, असे सांगावे तर वसंतभाईंच्या शुद्ध शाकाहारी सोसायटीत ते आणखी वाईट. मोहित्यांच्या घरी मासे शिजतात तेव्हा खिडक्या लावून उदबत्त्या पेटवतात. हिंमतराव चष्म्यात अडकलेली दोरी ओढत राहिले. मंदाने घरून कात्री आणून त्यांना सोडवले.

घरात आल्यावर ते सोफ्यावर आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "रीळच खराब आहे. मिताली, ठेव हे माळ्यावर."

मिताली आईकडे बघू लागली. मंदाने काठी दाराआड उभी केली, रीळ पिशवीत टाकले आणि भाजी आणायला म्हणून स्कूटर काढली.

भाजी तिने आणलीही, पण आधी ती त्या दुकानात गेली. दुकानदाराने रीळ पाहिले आणि हसू दाबले. त्याने सांगितले ते फार नव्हते. दोरी बारीक घ्या, जाड दोरी लहान रिळावर बसत नाही, स्प्रिंगसारखी उसळते. काठोकाठ भरू नका, कडेला चिमूटभर जागा ठेवा. आणि गुंडाळताना चाक पेन्सिलीवर फिरवू नका, पीळ चढतो. ते जमिनीवर आडवे ठेवा आणि दोरी ओल्या फडक्यात चिमटीने ताणून धरा. मंदाने पाच किलोची दोरी घेतली. आमिषांच्या खोक्यात तिला एक चिमुकले चांदीसारखे पान दिसले, पाण्यात ओढले की गिरकी घेणारे. आपण मासा असतो तर त्या हिरव्या राक्षसापेक्षा याच्याकडे वळून पाहिले असते, असे तिला वाटले. तेही तिने घेतले.

दुपारी ती हॉलमध्येच बसली, सोफ्यासमोर. दोरीचे चाक फरशीवर आडवे ठेवले, एका हातात रीळ धरले आणि तिच्या लक्षात आले की दांडी फिरवायला दुसरा हात लागतो, मग चिमूट कोण धरणार? मिताली घरात होती. मंदाने तिला हाक मारली नाही. तिने मुद्दाम दोरी सैल सोडून दांडी फिरवली. दोरी रिळावर ढिसाळ चढू लागली.

सोफ्यावर वर्तमानपत्र हलले. पुन्हा हलले.

"मेलाय तो दोरा," हिंमतराव म्हणाले.

"असू दे."

"असू दे काय? सैल चढतोय सगळा. सकाळसारखंच होईल."

"मग या आणि धरा."

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. मग उठले, पट्टा सावरला, गुडघे मोडत फरशीवर बसले आणि ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरली. मंदाने चढलेली दोरी पुन्हा उतरवली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"ढील," ते सवयीने म्हणाले.

"ढील नाही. ताणून धरा."

ते ताणून धरून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी फिरकीच्या बाजूने दोरा कधी धरला नव्हता. फिरकी धरूनही बोटे अशीच दुखतात का, असे त्यांनी थोड्या वेळाने विचारले. मंदा म्हणाली, "दुखतात. संध्याकाळपर्यंत दुखतात." त्यांनी चिमूट सोडली नाही. रिळाच्या कडेला थोडी जागा राहिली तेव्हा तिने हात थांबवला. "अजून भर की," ते म्हणाले. तिने कात्री लावली.

संध्याकाळी वसंतभाई देवळात गेल्याची खात्री करून दोघे मैदानात गेली. काठी मंदाच्या हातात होती. हिंमतरावांनी ती मागितली नाही, सकाळचे ताजे होते. तिने रिळावरची तारेची कडी उघडली, दोरी पहिल्या बोटावर अडकवली, काठी खांद्यामागे नेली. कुठे सोडायचे हे तिच्या बोटाला आपोआप कळले. नट हवेत गेला, दोरी त्याच्यामागे सळसळत सुटली, आणि तो पार पाण्याच्या टाकीपलीकडच्या गवतात पडला.

हिंमतराव त्या दोरीकडे बघत राहिले. समोर. मान वर न करता.

"लपेट," ते हळूच म्हणाले.

तिने लपेटले. पुन्हा टाकले. मग काठी त्यांच्याकडे दिली. त्यांचा पहिला नट कडुनिंबात गेला, दुसरा वसंतभाईंच्या स्कूटरवर, तिसरा बऱ्यापैकी. अंधार पडेपर्यंत ते हटले नाहीत, आणि घरी येताना त्यांनी तिला सांगितले की तुझं मनगट चांगलं आहे, पण पाय चुकतात. मंदा खूश झाली. चुका काढणे परत आले होते.

रात्री जेवणाआधी धनाजीरावाचा फोन आला. खुर्ची सावलीत टाकू की उन्हात, असे त्याने विचारले. हिंमतराव म्हणाले, दोन खुर्च्या टाक. मग फोन ठेवून त्यांनी कपाटाखालून जुने कॅनव्हासचे बूट ओढून काढले आणि पाय पसरून ते ब्रशने घासायला बसले. तलावडीच्या चिखलात बूट पांढरेशुभ्र कशाला हवेत, हे मितालीने विचारले नाही. फक्त हिरवा प्लॅस्टिकचा मासा उचलून म्हणाली, "पप्पा, याला माळ्यावर ठेवू?"

हिंमतरावांनी मंदाकडे पाहिले.

मंदाने ताटे मांडली. पोळ्यांचा डबा मधे ठेवला, वरणात तूप सोडले, आणि मीठ जास्त झाले का असे विचारावे तशा आवाजात सांगितले, "तो इथंच राहू दे. रविवारी उजाडायच्या आत निघायचं. पहिल्यांदा गळ मी टाकणार, हे मागे उभे राहतील, मग आम्ही बदलू. आणि मासा मिळो न मिळो, त्या रात्री घरी खिचडी."