आजोबांच्या गड्याचा कागद

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होता. तुमच्या त्या फाशांच्या खेळाची नवी आवृत्ती आली आहे, एकाला ती हवी आहे आणि दुसऱ्याला नको. हेच भांडण आठ वर्षांपूर्वी जुन्नरला माझ्या ओसरीवर झालं होतं, हे तुम्हांला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मीच सांगते, क्रमाने.

"दात बघू." आमचे शेजारी बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करत, आणि कुठलीही नवी वस्तू पुढे आली की हेच म्हणत. मी कुकर आणला तेव्हा म्हणाले. स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही नवऱ्या मुलाकडे पाहून पुटपुटले म्हणे.

तुमचा बाबा परदेशी जाताना हॉस्टेलवर खेळायचा तो खेळ, म्हणजे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, मागे ठेवून गेला. ते मी तुमच्या आजोबांना मराठीत वाचून दाखवत होते, तेव्हा दलाल येऊन बसले. प्रत्येकाने मनातला एक गडी उभा करायचा, त्याचे गुणदोष कागदावर लिहायचे. एकाने गोष्ट सांगत संकटं आणायची आणि फासा पडेल तसं पुढचं ठरायचं. दलालांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चेहरा उजळला. "म्हंजे बोलीच की, बाई. निस्ता बैल दिसत न्हाई."

गोष्ट सांगणारे तेच झाले. वीस बाजूंचा फासा जुन्नरात कुठला मिळणार? मी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात घातल्या. खेळायला चौघं: मी, आजोबा, घाटघरचे एक भातशेतीवाले आणि येडगावच्या मास्तरीणबाई. रविवारी दुपारी, चहा झाल्यावर.

संकट म्हणून आलेल्या राक्षसात किती जीव उरला, हे ज्याची पाळी त्यालाच कळायचं, आणि तेही बाजाराच्या रीतीने. उपरण्याखाली हातात हात द्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना पत्ता लागत नाही. बायकांचा हात मात्र उपरण्याखाली घ्यायचा नाही. आम्हा दोघींना ते पाटीवर आकडा दाखवत आणि लगेच पुसत.

आजोबा गेले तेव्हा मला वाटलं, खेळही संपला. पण महिन्याभराने दलालांनी सगळ्यांना बोलावलं, आजोबांचा कागद त्यांच्या जागेवर ठेवला आणि त्यांची पाळी आली तेव्हा उपरण्याखाली स्वतःचाच एक हात दुसऱ्या हातात दिला. मग म्हणाले, "अण्णा म्हणत्यात, वार करू." आजोबांचा गडी खेळत राहिला.

मग बाबाने नवी आवृत्ती पाठवली. दलालांनी पुस्तक दोन्ही हातांनी तोललं, पाठीवरून हात फिरवला. "अंगानं भरल्यालं हाय. दात बघू." मी नियम वाचू लागले आणि मला ते फार आवडले. जुन्या पुस्तकात चिलखत जितकं भक्कम, तितका त्याचा आकडा लहान. नव्यात सगळीकडे मोठा आकडा चांगला. कसं स्वच्छ काम.

"कमी तेच बरं व्हतं," दलाल म्हणाले. "बैलाच्या खोडी मोजतो आमी. खोडी कमी, तेवढा बैल भारी. ह्यात काय अवघड हाय?"

"मी तीस वर्षं शाळेत मार्क दिले. जास्त ते चांगलं."

"मार्क दावून बैल इकत न्हाईत, बाई."

घाटघरचे पाहुणे हसत चहा पीत होते. "राक्षस मेल्याशी कारण, राव," एवढंच त्यांचं मत.

पुढच्या रविवारपर्यंत मी आखीव कागदांवर तीन गडी नव्या नियमांनी उतरवले. चौथा, आजोबांचा, पुढे ओढला तसा दलालांनी त्यावर तळवा ठेवला.

"ह्याला न्हाई."

"अहो, जुन्या आकड्यांनी नव्या खेळात कसं चालेल?"

"मग आमी न्हाई चालत." उपरणं झटकून ते उठले. तीन रविवार आलेच नाहीत.

मी रागातच तो कागद उतरवायला घेतला. आजोबांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं. 'कमजोरी' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं: बायकोचं ऐकतो. माझ्या नव्या कागदावर कमजोरीला रकानाच नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

बाजाराच्या दिवशी एसटीने बेल्ह्याला गेले. टेम्पोंच्या रांगेपलीकडे ते एका बैलाचा जबडा उघडून उभे होते. मला पाहून जबडा हातातून सुटला. "बाई? तुमी हितं?"

मी सरळ त्यांच्या उपरण्याखाली हात घातला. आजूबाजूची बोलणी थांबली.

"बाई, लोकं बघत्यात."

मी त्यांची तीन बोटं धरली. "हे नवे." मग एकच धरलं. "हा जुना, आहे तसा."

बोली पटल्यावर देतात तसा त्यांनी माझा हात दाबला. मागून कोणी विचारलं, "भाऊ, गेला का बैल?"

"न्हाई राव," ते म्हणाले. "ऱ्हायला."

पुढे चार-पाच वर्षं आम्ही तसेच खेळलो. तीन गड्यांना मोठा आकडा तारायचा, आजोबांच्या गड्याला लहान. मी दोन वेगळे तक्ते केले होते, तरी दर रविवारी घोळ व्हायचा आणि त्यावरून वाद. पाटी मात्र बंद झाली. आम्हा दोघींचे हातही उपरण्याखाली जाऊ लागले.

दलाल शेवटी आंबेगाव तालुक्यात लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. लेकीने उपरणं मला आणून दिलं.

माझ्या कपाटात दुसऱ्या फळीवर बिस्किटांचा डबा आहे. त्यात एकोणीस चिठ्ठ्या आहेत, चौदाची हरवली. शेजारी उपरणं आहे, धुऊन ठेवलेलं, आणि त्याच्या घडीत तो कागद. आजोबांच्या गड्याचे अकरा जीव शिल्लक आहेत, जुन्या नियमांनी.