तुस्कानो मॅडमचा मागे घेतलेला लेख

डॉ. फिलोमिना तुस्कानो यांची आणि माझी पहिली भेट अमिरातीत, अल ऐनमधल्या आमच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली आणि पहिल्याच भेटीत मी नापास झालो. पुण्याहून येऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. मॅडमनी रक्ताची एक नळी माझ्या हाती दिली आणि चिठ्ठीवर वेळ लिहायला सांगितली. मी भिंतीकडे एक नजर टाकून 'नऊ' लिहिले.

"किती वाजलेत?"

"नऊच की, मॅडम."

"नऊ वाजून सात मिनिटं झालीत. ही सात मिनिटं तू कोणाला दान केलीस? घड्याळात वाजले तेवढेच लिहायचे."

मी ओशाळलो. बाई खाष्ट दिसतात, असे मनात म्हटले आणि 'नऊ वाजून सात' लिहिले.

मॅडम वसईच्या वाडीत वाढल्या, मुंबईत शिकल्या आणि मधुमेहावरच्या संशोधनासाठी अल ऐनला आल्या, त्या इथल्याच झाल्या. आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. आपल्याकडे साठीला शांत करतात. इथे साठी आली की माणसे आधी 'व्हिसाचं काय?' असे विचारतात. मॅडम पुढे किती दिवस या गावात असतील हे मलाही ठाऊक नाही, म्हणून जे सांगायचे ते आत्ताच सांगून टाकतो.

नाताळच्या सुट्टीहून परतताना त्या सर्वांसाठी सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आणतात. पुड्यांवर नावे असतात आणि डीनची पुडी झाडलोट करणाऱ्याच्या पुडीहून मोठी नसते. माझी मुलगी सई जन्मली तेव्हा इथे आमचे कोणी नव्हते. मॅडमनी पुण्याला माझ्या आईला फोन लावून डिंकाच्या लाडवांची कृती लिहून घेतली, तीही ग्रॅममध्ये. आई म्हणाली, "अहो बाई, अंदाजाने घ्या." मॅडमना अंदाज हा प्रकारच मान्य नव्हता. लाडू दगडासारखे झाले. माझ्या पत्नीने ते दुधात भिजवून सगळे संपवले, आणि आजही लाडवांचा विषय निघाला की तिचे डोळे भरून येतात.

आमच्या विद्यापीठात वर्षअखेरीला कोणी किती शोधलेख छापले याचा तक्ता लागतो. त्या तक्त्यावर नेमणुका, बढत्या आणि पर्यायाने घरदार अवलंबून असते. एका तरुण डॉक्टरांनी आदरापोटी आपल्या लेखावर मॅडमचे नाव घातले. मॅडमनी तांबड्या पेनाने त्यावर काट मारली आणि म्हणाल्या, "यातली एकही नळी मी पाहिलेली नाही. नमस्कार करायचा तर हात जोड, माझं नाव कशाला जोडतोस?" त्या वर्षी तक्त्यात त्यांचा एक लेख कमी भरला. त्याचे त्यांना काहीच वाटले नाही.

इथवरचा मजकूर या ग्रंथात कोणीही लिहिला असता. पुढचा फक्त मीच लिहू शकतो आणि तो लिहायला मी चौदा वर्षे लावली आहेत.

तेव्हा मॅडम बांधकाम मजुरांमधल्या मधुमेहावर काम करत होत्या. पहाटे, कामाची बस सुटण्याआधी, मी गावाबाहेरच्या कॅम्पवर जाऊन मजुरांचे रक्त घ्यायचो. ते तासाभराच्या आत प्रयोगशाळेत आणून यंत्रात घालायचे, असा नियम होता. कारण रक्त तसेच राहिले तर नळीतल्या नळीत साखर उतरत जाते आणि आजारी माणूस कागदावर ठणठणीत दिसतो. सई नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. आठवड्यातून दोन-तीनदा मी कॅम्पवरून आधी घरी जायचो, तिला घ्यायचो आणि शाळेच्या फाटकापुढच्या गाड्यांच्या रांगेत उभा राहायचो. "बाबा, यल्ला, आय ॲम लेट!" ती मागून ओरडायची. तिच्या शेजारच्या सीटवर नळ्यांची पेटी असायची. प्रयोगशाळेत पोचायला दोन-दोन तास होत. आणि मी कागदावर लिहायचो, पन्नास मिनिटे.

लेख छापून आला. मजुरांमध्ये मधुमेह वाटला होता त्याहून कमी निघाला होता. विद्यापीठात कौतुक झाले आणि विभागप्रमुखपदासाठी मॅडमचे नाव जवळजवळ नक्की झाले.

काही महिन्यांनी, पुढच्या कामाची तयारी म्हणून, मॅडम माझे हाताने लिहिलेले तक्ते चाळत होत्या. त्यांनी मला बोलावले.

"मिलिंद, हे बघ. इतके दिवस, दरवेळी बरोबर पन्नास मिनिटं? एकदाही सिग्नल लागला नाही? धुकं नाही, ट्रक आडवा नाही?"

मी सगळे सांगितले, सईच्या शाळेसकट. आता त्या मला फाडून खाणार, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "ज्यांना आपण 'साखर नाही' म्हणून चिठ्ठ्या दिल्या, ती माणसं अजून त्याच कॅम्पवर आहेत ना?"

त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला कळवून लेख मागे घेतला. चूक कोणाची, असे विद्यापीठाने लेखी विचारले. मी जाऊन सांगतो म्हणालो, तर त्या उसळल्या.

"तुझं कॉन्ट्रॅक्ट मेमध्ये रिन्यू व्हायचंय. आत्ता तोंड उघडलंस तर खलास. व्हिसा गेला की पोरीची शाळा मध्येच सुटेल. शिक्षा मी देते तुला. शुक्रवारी पहाटे गाडी घेऊन ये. सगळ्यांचं रक्त परत घ्यायचंय."

उत्तरात त्यांनी लिहिले, 'जबाबदारी माझी आहे.' त्यात खोटे काही नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. मॅडमनी आयुष्यात एकदाच अर्धे सत्य लिहिले, ते माझ्यासाठी.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे. कित्येक शुक्रवार आम्ही दोघे कॅम्पवर गेलो. गुरमीत नावाच्या एका गवंड्याची साखर बरीच वाढलेली निघाली. तो भांबावून म्हणाला, "मॅडमजी, पिछली बार तो बोला था सब ठीक है?"

मॅडम आपल्या वसईच्या हिंदीत म्हणाल्या, "पिछली बार हम से गलती हुआ. माफ करना भाई. अभी दवाई टाइम पे लेना."

'हम से' म्हणाल्या. मी त्यांच्या मागे पेटी धरून उभा होतो. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

विभागप्रमुखपद दुसऱ्या कोणाला मिळाले. 'मॅडमचं आता लक्ष राहत नाही' असे लोक चहाच्या वेळी बोलू लागले. मीही तिथेच असायचो, चहा पीत. मेमध्ये माझे कॉन्ट्रॅक्ट वाढले. सईची शाळा सुरळीत पार पडली आणि मी हळूहळू प्रयोगशाळेचा प्रमुखही झालो. लाज वाटायची, पण तोंड उघडायची हिंमत होत नव्हती, हे सरळच सांगतो.

या ग्रंथाच्या शेवटी मॅडमच्या शोधलेखांची यादी आहे. ती करायचे काम संपादकांनी माझ्याकडे दिले. त्यांचा फोन आला, "तो एक लेख गाळा हो. गौरवग्रंथ आहे हा, चौकशी समिती नव्हे." मी मॅडमचा स्वतःचा परिचय काढून पाहिला. तो लेख तिथे सर्वांत वर होता, पुढे त्यांनीच टाइप केले होते, 'मागे घेतला.' मग मी कोण गाळणार?

तो लेख यादीत आहे. त्याखाली एक ओळ मी जोडली आहे, 'यातील वेळांच्या नोंदी मिलिंद आपटे यांनी खोट्या लिहिल्या होत्या.' माझे कॉन्ट्रॅक्ट यंदाही मेमध्ये वाढायचे आहे. वाढले तर इन्शाल्ला, नाही तर पुणे आहेच. सई आता पुण्यात कॉलेजात आहे. तिने हा मजकूर वाचला आणि फोनवर एवढेच म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव सेड धिस लाँग अगो." तिचे खरे आहे.

मॅडमनी मात्र हे वाचलेले नाही. ग्रंथ हाती पडेल तेव्हा आपणा सर्वांच्या देखतच वाचतील आणि मला बोलावून घेतील. त्यांनी मला मनसोक्त रागवावे, आणि एका दिवसात तो राग संपवू नये. शंभरीपर्यंत पुरवून पुरवून रागवावे, अशाच खणखणीत आवाजात. तोवर गुडघे, डोळे आणि साखर त्यांच्या कह्यात राहोत.

हा लेख मी गुरुवारी द्यायचा होता. आज रविवार आहे आणि संध्याकाळचे सहा वाजून एकोणीस मिनिटे झाली आहेत. मॅडम, घड्याळात बघून लिहिले आहे.