पाटावर मांडलेला कॉम्प्युटर

आमच्या अनंताला भेटायला येणारी माणसं त्याच्याशी न बोलता कुंदाशी बोलायची. तो समोर बसलेला असताना तिला विचारायची, जेवतो का गं नीट, झोप लागते का. मला असा संताप यायचा! अहो, पाय गेलेत त्याचे, कान शाबूत आहेत, असं मी एकदोघांना तोंडावर सुनावलंसुद्धा. अनंता मात्र हसायचा. म्हणायचा, मामा, चहा पिऊन जाऊ दे ना त्यांना सुखाने.

कुंदा माझी धाकटी बहीण. बदलापुरात कुळगावच्या जुन्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं कौलारू घर. नवरा लवकर गेला, आणि त्याच सुमाराला अनंताचा आजार कळला. स्नायूंचा आजार. पोरगं आधी चालता चालता पडायला लागलं, मग उठताना गुडघ्यांवर हात टेकायला लागलं, मग शाळा सुटली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आधी पाय, मग हात, मग छाती. औषध नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमचा फोरमन. बिघडलेली वस्तू उघडून बघायची हा माझा धंदा. आणि इथे उघडून बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी नुसता जगावर खेकसत फिरायचो.

त्र्याण्णव साली मी त्याला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. उल्हासनगरला परसराम नावाचा सिंधी माणूस टीव्ही दुरुस्त करायचा, हळूहळू कॉम्प्युटरमध्येही हात घालायला लागला होता. कारखान्यामुळे आमची ओळख. त्यानेच मशीन बघून दिलं, मराठी अक्षरं उमटावीत म्हणून आत वेगळं कार्ड बसवलं आणि जाताना एक गोष्ट बजावली. डिस्क जुन्या पद्धतीची आहे. मशीन जागचं हलवायचं असेल तर आधी 'पार्क' असं टाईप करायचं, मगच बंद करायचं. नाहीतर ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई राहावी तशी आतली सुई तबकडीवरच राहते, आणि एक धक्का बसला की ओरखडा. ओरखडा पडला की लिहिलेलं गेलं. मी मान डोलावली, अनंतानेही ऐकलं. कुंदा तेव्हा आत चहा टाकत होती. मशीन त्याच्या खाटेला लागून टेबलावर ठेवलं, ते तिथून हलणार होतं कशाला?

अनंता पुस्तक लिहायला लागला. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं चालत होतं. मनगट वर राहावं म्हणून मी टूलरूममध्ये ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून दिली. रोज सकाळी कुंदा त्याला बसता करायची, पट्टी बांधायची, मशीन सुरू करायची आणि स्वैपाकाला निघून जायची. स्क्रीनकडे बघायची तिला परवानगी नव्हती. पुस्तक पुरं होईपर्यंत कुणी वाचायचं नाही आणि एक पानही छापायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. फ्लॉप्यांवर एक प्रत ठेव म्हणून परसरामने सांगितलं होतं, ती ठेवलीही होती. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, तिथे फ्लॉप्यांचं काय घेऊन बसलात! दोन पावसाळ्यांत सगळ्या गेल्या.

पुस्तक कशावर आहे एवढं मात्र आम्हाला ठाऊक होतं, कारण तो सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. बारवी धरणाकडच्या एका वाडीतला वाळू नावाचा ठाकूर आदिवासी कधीमधी रानभाजी घेऊन यायचा आणि ओट्यावर टेकायचा. त्याच्यावरून अनंताने गोष्टीतला वाळू बेतला होता. हा वाळू घरातून निघतो आणि डोंगर चढत जातो. चढताना आधी पोटऱ्या दुखतात की मांड्या? चिखलात चप्पल रुतली तर पाय आधी निघतो की चप्पल? घाम आधी कुठे येतो? मी म्हणायचो, काय डोक्याला ताप आहे रे! आणि घरी जाताना मुद्दाम चिखलातून चालून बघायचो.

शहाण्णवच्या पावसाळ्यात त्याचं बोट मंदावलं. आधी दिवसाला पान व्हायचं, मग अर्धं, मग दोन-तीन ओळी. त्याच्या बोटावर माझ्यापेक्षा कुंदाची नजर जास्त होती.

मग दसरा आला. आमच्यात दसऱ्याला पोटापाण्याच्या वस्तूंची पूजा. कारखान्यात आम्ही मशिनं धुऊनपुसून झेंडूचे हार घालतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाही. कुंदा शिवणयंत्र, कोयता, पुस्तकं आणि पाटीवर काढलेली सरस्वती पूजायची. कॉम्प्युटरला दरवर्षी होता तिथेच हळदकुंकू लावायची. त्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की नुसतं हळदकुंकू पुरेसं नाही. देवासमोर पाटावर ठेवून, रांगोळी काढून, साग्रसंगीत पूजा करायची. म्हणजे मुलाच्या बोटात बळ येईल. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

मी सकाळी झेंडूची फुलं घेऊन पोचलो आणि ओट्यावर चाकांच्या खुर्चीत बसवून अनंताची दाढी करायला घेतली. सणाची दाढी मीच करायचो. तेवढ्यात कुंदाने आत चालू मशीनचं बटण बंद केलं, वायरी काढल्या, तो जड डबा पोटाशी धरला आणि स्वैपाकघरात देवासमोर नेला. जाताना उंबऱ्याला जरा लागला, हे तिनेच मागाहून सांगितलं. मग तिने आम्हाला हाक मारली. मी खुर्ची ढकलत आत नेली. पाटावर कॉम्प्युटर, भोवती रांगोळी, वर झेंडूचा हार, पुढे वाटीत पेढे. कुंदा घामाघूम झाली होती आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की बघत राहावं.

अनंताच्या तोंडाचा रंग उडाला. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने डोळ्यांनीच मला थांबवलं.

"छान दिसतोय गं," तो म्हणाला.

पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून आख्खा दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी कुंदाने अक्षता टाकून पूजा हलवली, मी मशीन जागेवर नेऊन वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. आतून टक् टक् टक् असा आवाज यायला लागला. पुढे काही नाही. बंद करून परत लावलं, परत तेच. मी नाही नाही त्या शिव्या घातल्या, कुणाला ते माझं मलाच कळलं नाही.

परसराम स्कूटरवरून आला. आवाज ऐकला आणि वर न बघताच विचारलं, "किसने हिलाया इसको?"

"मी," कुंदा म्हणाली.

त्याने डब्यावरचं हळदकुंकू बघितलं आणि जीभ चावली. मग सारवासारव करत राहिला, जुनी डिस्क होती बहनजी, आज ना उद्या जाणारच होती. पण कुंदा काही खुळी नव्हती. त्याने आधी काय विचारलं ते तिने ऐकलं होतं.

डिस्क काढून तो दुकानात घेऊन गेला. त्याच्या लक्षात आलं की डिस्क गार असताना थोडा वेळ नीट चालते, तापली की पुन्हा टक् टक्. मग तो ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, बायकोच्या कढीच्या पातेल्याशेजारी. गार झाली की दुकानात आणून जोडायची आणि बंद पडेपर्यंत जेवढं हाताला लागेल तेवढं फ्लॉपीवर घ्यायचं. कधी अर्धं पान यायचं, कधी नुसती चिन्हं, बरेचदा काहीच नाही. कारखाना सुटला की मी उल्हासनगरला जाऊन त्याच्या दुकानात बसायचो. काही मिळालंय हे घरी सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. उगाच आशा लावायची आणि मग तोंडावर पडायचं, असं नको होतं.

इकडे घरात कुंदा खचली. देवासमोर दिवा लावायचं तिने सोडलं. मार्गशीर्षातले गुरुवार तिने जन्मात कधी चुकवले नव्हते, तेही सोडले. अनंताला भरवताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, घासाकडे बघायची. स्वतः दोन घास खाऊन ताट सारायची. एकदा त्याला कुशीवर वळवताना तिची पकड सुटली आणि त्याचं डोकं खाटेच्या कडेला आपटलं. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, याच हातांनी मी तुझं सगळं घालवलं. मी तिला रागावलो, समजावलं, डॉक्टरकडे नेलं. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही.

शेवटी परसरामने मला एक फ्लॉपी दिली. म्हणाला, "बस साईं, अब इसमें जान नहीं. चालीस पन्ने मिले." सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, पण मधली सलग चाळीस पानं होती. मला दुकानातच रडू फुटलं. फ्लॉपी शर्टाच्या आत ठेवून मी तडक कुळगाव गाठलं.

घरात शिरलो तर देवासमोर दिवा लागला होता. कुंदा स्वैपाकघरात थालीपीठं लावत होती आणि मला बघून हसली, कितीतरी दिवसांनी. मी अनंताच्या खाटेशी बसलो आणि फ्लॉपी काढून त्याच्यासमोर धरली. चाळीस पानं, मी हळूच म्हणालो. तो फ्लॉपीकडे बघतच राहिला. मग त्याने डोळे मिटले.

"शर्टात ठेव ती, मामा. आई येईल."

मग त्याने मला कुजबुजत सांगितलं. आदल्या दिवशी त्याने कुंदाला जवळ बसवून घेतलं होतं. म्हणाला होता, आई, त्या डिस्कमध्ये काही नव्हतंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच सगळं पुसून टाकलं. पुस्तक चांगलं झालं नव्हतं, मला लाज वाटत होती. तू उचललास तो रिकामा डबा होता. कुंदाचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने तिची शपथ घेतली. आमच्या घरात आईची खोटी शपथ कुणी घेत नाही, आईच्या जिवाला लागते म्हणतात. अनंताचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण आईची शपथ त्याने त्याआधी कधी घेतली नव्हती. कुंदा ऐकून घळाघळा रडली, आणि मग ताट वाढून घेऊन पोटभर जेवली.

माझं डोकंच फिरलं. अरे गाढवा, मी म्हणालो, तुझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीतलं एवढं तरी हातात आलंय. मी छापून आणतो, ती बाजारात गेली की वाचून दाखवतो. त्याने मान हलवली, म्हणजे हलवता येत होती तेवढी. म्हणाला, या घरात कागदाचा कपटा आला तरी तो आई उचलणार, मामा. मला खाजवायलासुद्धा तिचे हात लागतात. तिच्यापासून लपवलेलं मी ठेवू कुठे?

आतून थालीपिठाचा वास येत होता.

"मला पुस्तक नंतर लागेल," तो म्हणाला. "आई रोज लागते."

नंतर कुठलं काय! त्याचं बोट त्या उन्हाळ्यात थांबलं. एकदा कुंदा पाणी भरायला गेली तेव्हा त्याने घाईघाईने मला विचारलं, त्या चाळीस पानांत वाळू माथ्यावर पोचतो का? मी परसरामकडे पानं छापून वाचली होती. पोचत नव्हता, झऱ्याशी पाणी पिऊन उठतो तिथे पानं संपत होती. मी म्हणालो, पोचतो. तो समाधानाने हसला. मी खोटं बोलतोय हे त्याला कळलं असणार, त्याचं पुस्तक होतं ते.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि तो गेला. कुंदा बसता करत असताना, तिच्या खांद्यावर मान टाकून.

तेराव्यानंतर लोक भेटायला येत राहिले. कुंदा प्रत्येकाला सांगायची, माझ्या अनंताने पुस्तक लिहिलं होतं, जाडजूड. पण मनासारखं झालं नाही म्हणून स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. फार कडक होता हो तो स्वतःच्या बाबतीत. हे सांगताना तिच्या आवाजात असा अभिमान असायचा की मला तिथे बसवायचं नाही. मी उठून ओट्यावर जायचो. पानं माझ्याकडे अंबरनाथला कपाटात होती. तिला दिली असती तर तिचा मुलगा दीड वर्ष तिच्या शपथेवर खोटं जगला हे तिला कळलं असतं, आणि कशासाठी तेही. नाही दिली तर तिच्याकडे त्याचा एक शब्दही राहत नव्हता. रात्रंदिवस हाच विचार डोक्यात, आणि विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तोच गेला होता.

एकदा सगळे गेल्यावर ती त्याच्या रिकाम्या खाटेवर हात फिरवत बसली होती. मला म्हणाली, "दादा, पुसलं ते ठीक. पण चार पानं तरी ठेवायची होती रे त्याने. माझ्यासाठी."

"हो," मी म्हणालो. "ठेवायला हवी होती."