डोंगराच्या पोटातले ठिपके

झांबियातल्या सोल्वेझीच्या रानात तांब्याच्या शोधासाठी मातीचे नमुने घ्यावेत ते सांपानेच. शाळा सातवीपर्यंत, पण संगणकावर डोंगर उभा करून नमुन्यांचे ठिपके त्यावर बसवायला गडी स्वतःच शिकला. पंधरा वर्षांत त्याच्या सहीचा एक ठिपका खोटा निघाला नव्हता.

त्या दिवशी धाकट्या भावाचे, चोलाचे चाळीस नमुने त्याने पडद्यावर टाकले अन् त्याला शिसारीच आली. डोंगर वर चढत होता, ठिपके मात्र पायथ्याच्याच उंचीला एका ओळीत डोंगराच्या पोटात घुसले होते.

"चोल्या, डोंगराच्या आत शिरला होतास काय रे?"

"दादा, यंत्र बिघडलं असंल."

"यंत्र नाही, तू बिघडलास! जागा नकाशावरून उतरवल्यास, उंची बसल्या जागेची लिहिलीस. एकाच वारुळाची माती चाळीस पिशव्यांत भरलीस ना?"

"वर लई चढ आहे. खाणीच्या साहेबाला काय कळतंय?"

"मला कळलं की! थू!"

सांपाने चाळीसही ठिपके पुसले, पिशव्या अंगणात रिकाम्या केल्या.

दुपारी मक्याच्या पिठाची न्शिमा वाढल्यावर चोलाने रिवाजाप्रमाणे थोरल्याच्या हातावर ओतायला पाणी आणलं. सांपाने हात मागे घेतले.

"डोंगर चढून ये. मग ओत."