हवेतलं अस्वल

आमच्या शौकतभाईंना हसायची भारी घाई. पडद्यावरचं अस्वल घसरायच्या आधीच हे हसून मोकळे. मी म्हणायचो, "अहो, तीनशे वेळा पाहिलंय की तुम्ही." तर म्हणायचे, "मी पाहिलंय, कोंडाजी. अस्वलाला कुठं ठाऊक आहे?"

मी सातवी पास, सरकारी प्रचारगाडीचा ड्रायव्हर. ते ऑपरेटर. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. नाशकाहून निघायचं, गावोगाव पडदा बांधायचा आणि नारूची फिल्म दाखवायची. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा निघणारा किडा. पाणी फडक्याने गाळून प्या, एवढंच त्या फिल्मचं सांगणं. ते ऐकायला कोण बसतंय? म्हणून आधी आठ मिनिटांचं कार्टून. हाताने काढलेलं, जुनं, विलायती. लठ्ठ अस्वल मधाच्या पोळ्यामागे धावतंय, बोलणं नाही, नुसते बाजे. शौकतभाई ती रीळ बायकोच्या जुन्या मलमली ओढणीने पुसायचे आणि घाटात तिचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. गुलजारवहिनी म्हणायच्या, "पोरांना कधी असं मांडीवर घेतलं नाही."

पंचाईत अशी, की कार्टून संपलं की गाव उठायचं. नारूला उरायचो आम्ही दोघं आणि दोन कुत्री. ते ऑफिसातल्या आमच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सुरगाण्याकडे मी स्वतः येतो. लोक उठले तर कार्टून बंद, आणि तुम्ही ऑफिसात टेबलावर."

चार-पाच दिवसांनी वाटेत वणीला चहा घेतला, तर शौकतभाईंनी अर्धा तसाच ठेवला. माझं लक्ष सारखं त्या कपाकडे. शेवटी विचारलंच, "टाकताय का तो?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे, आणि साहेबांच्या धमकीनंतर पहिल्यांदा हसले. घरी जाऊन त्यांनी ब्लेड घेतलं आणि ज्या फिल्मवर जीव टाकायचे, तिचे मधोमध दोन तुकडे केले.

सुरगाण्याच्या पलीकडे एका पाड्यावर दिवेलागणीला पडदा लागला. साहेब खुर्चीवर, माझ्या शेजारी. पोळ्यामागे धावता धावता अस्वल कड्याच्या पुढे गेलं, हवेत चार पावलं चाललं, आणि पडदा पांढरा.

"तुटली का हो?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब, दम खातेय," शौकतभाई म्हणाले आणि त्यांनी नारूची फिल्म चढवली.

पाड्यावरची सगळ्यांत वडीलधारी बाई कुसाबाई. ती उठून उभी राहिली. "ओ भाऊ, त्याला तसंच ठेवला का काय?"

"उतरवतो मावशी. आधी हे बघा."

"लय वेळ लागंल?"

"पंधरा मिनिटं."

"तवर त्यानं खाली बघितला मंजे?" असं म्हणून ती पुढे येऊन बसली. मागे एक गडी उठायला लागला, तर त्याची बायको म्हणाली, "जा. पडलं तर सांगणार नाय तुला." बसला बिचारा. पाय, किडा, हंडा, फडकं, सगळं पाड्याने शेवटपर्यंत पाहिलं. मधेच साहेब माझ्या कानाशी आले, "पुढे काय होतं हो त्याचं?"

"नारू बघा साहेब," मी म्हणालो.

मग दुसरा तुकडा लागला. अस्वलाने खाली पाहिलं, आवंढा गिळला, आम्हा बघणाऱ्यांनाच हात हलवून निरोप दिला आणि नदीत पडलं. वर आलं ते डोक्यावर पोळं घेऊनच. साहेबांना हसताना चष्मा काढून पुसावा लागला. तो परत लावल्यावर म्हणाले, "सरकारी फिल्म कापलीत?"

शौकतभाईंनी रिळाचा डबा पाठीमागे घेतला.

"जुनी फिल्म आहे," साहेब म्हणाले, "तुटायचीच. तसं लिहितो मी. चिकटवू मात्र नका."

वर्षाने त्याच पाड्यावर गाडी गेली. कुसाबाई वेशीवरच भेटली, कडेवर हंडा, हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं.

"बघ, गाळते," ती शौकतभाईंना म्हणाली. "आज नको टांगू त्याला."

शौकतभाईंनी साहेबांचं ऐकलं नाही. गाडीच्या बॉनेटवर बसून दोन्ही तुकडे चिकटवले. आधी नारू दाखवला, मग अस्वल, सबंध. उठलं कोणीच नाही. आणि शौकतभाई, नेहमीसारखे, सगळ्यांच्या आधी हसले.