न नेलेला दाखला

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हा मी खामगावकडच्या एका कॅथलिक हायस्कुलात कारकून होतो. रोज सकाळी प्रार्थनेला शेवटच्या रांगेच्या टोकाशी एक पन्नाशीचा माणूस हात जोडून उभा राही. पोरं त्याच्याकडे बघत नसत, पण त्याच्यापुरती जागा न सांगता सोडत. प्रार्थना संपली की आपण उभं होतो तिथली माती तो पायानं सारखी करी आणि मगच जाई.

फादरांनी मला शाळेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मी त्यालाच गाठलं. पहिला वर्ग कोणत्या चिंचेखाली भरे, इथपासून सगळं त्याला पाठ होतं.

"घंटा नव्हती जी, रुळाचा तुकडा टांगला होता."

"पण तुम्ही अजून रोज का येता?"

"दाखला न्यायचा राह्यला जी. नाव कमी झालं नाही, तं यावंच लागते. तेवढा काढून द्या, म्हंजे मी मोकळा."

त्यानं नाव सांगितलं, गाव पिंपळगाव राजा. दुपारी मी सर्वांत जुनं रजिस्टर काढलं. नाव, गाव, वडिलांचं नाव, सगळं जुळत होतं. शेवटच्या रकान्यात फिकट शाईनं लिहिलं होतं: इयत्ता पाचवीत असताना पटकीनं मयत.

लिहिणाऱ्याची चूक असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला. "सापडलं का जी?"

मी उघड्या रजिस्टरवर हात ठेवला आणि नाही म्हणालो. नोकरी संपेपर्यंत तो विचारत राहिला, आणि मी नाहीच म्हणत राहिलो.