मढच्या दगडांवर घेतलेला आळ

बासष्टाव्या वर्षी मी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. तेव्हाची मी आजच्या माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण तोरा काय सांगू! चाळीस वर्षांपूर्वीची बी.एस्सी. आणि शाळेत शिकवलेला भूगोल, एवढ्यावर ही बाई वर्गात अशी बसायची, की सह्याद्रीचा लाव्हा हिच्या डोळ्यांदेखत थंड झाला असावा.

प्रबंधाचं काम जोडीनं करायचं होतं. माझ्या वाट्याला घाटकोपरची एक मुलगी आली, नातीच्या वयाची आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "आजी, मला पीएच.डी.ला जायचंय. प्रबंधात वरची श्रेणी लागणारच. टाइमपास नको हां."

"मी आहे ना बरोबर," मी म्हटलं. तिची वाट लागायला सुरुवात झाली ती इथून.

मढच्या किनाऱ्यावर जुन्या दगडात नव्या दगडाच्या उभ्या भिंती घुसलेल्या आहेत. त्यांना डाइक म्हणतात. कुठला डाइक कोणत्या दिशेला जातो ते होकायंत्रानं मोजायचं आणि नकाशावर मांडायचं, एवढंच काम. ओहोटीची वेळ बघून आम्ही वर्सोव्याहून फेरीबोटीनं पलीकडे जायचो आणि शेवाळावरून घसरत मोजत सुटायचो.

तिची आणि माझी दिशा काही जुळेना. डाइक एकच, पण फरक कधी दहा अंशांचा, कधी तीस.

"आजी, परत बघ ना. समोर सरळ दिसतोय, तुझ्या वहीत मात्र वाकडा गेलाय."

"दगडात लोह असतं, सुई हलणारच. आणि तुझा हात थरथरतो."

"माझा हात थरथरतो? माझा?"

शेवटी, वयाचा मान म्हणा किंवा माझ्या बडबडीचा कंटाळा म्हणा, तिनं स्वतःचे आकडे खोडले आणि नकाशावर माझे चढवले. पुढे पुढे तर तिनं मोजणंच सोडलं. मी सांगायचे, ती लिहायची. मी तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! 'मढच्या खडकांचं विलक्षण चुंबकत्व' असं चार पानी टिपण लिहून मी सरांना दिलं. सर माझ्या मुलीपेक्षा लहान. ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, जरा परत तपासूया." मला वाटलं, पोराला शोध झेपला नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी, कोळणींनी बोंबील वाळत घातले होते तिथे आम्ही सावलीला बसलो. वाऱ्यानं माझी ओढणी उडत होती. बोंबील उलटवणाऱ्या कोळीणबाईंनी पदराची सेफ्टी पिन काढून पुढे केली. मी हात पुढे केला, तर पिन टुणकन उडून माझ्या मनगटाला चिकटली.

"अगो बाय, हे काय बांधलंयस?"

"चुंबकाचा पट्टा. सांधे दुखतात, म्हणून सुनेनं आणून दिला."

"आणि ह्याच हातात होका धरतेस?" त्या खो खो हसायला लागल्या. "आमचा नाखवा बोटीवर होक्याजवळ कोयता ठेवू देत नाय!"

माझी जोडीदारीण हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि शेजारी होकायंत्र आणलं. सुई गरकन फिरली. तिनं यंत्र बंद करून पिशवीत टाकलं आणि ती पाण्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "ओरड तरी."

पट्टा रोज असता तर हिशोबानं चूक काढता आली असती. पण खाज सुटली की मी तो काढायचे, कधी दुसऱ्या हाताला बांधायचे, आणि कुठल्या दिवशी काय केलं याची नोंद शून्य. म्हणजे सगळं पुन्हा मोजायचं. त्यातले पाण्याच्या कडेचे डाइक फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला उघडे पडतात. पावसाळ्यात फेरीबोट बंद होते, आणि त्याआधी तशी एकच ओहोटी उरली होती. आम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून मोजलं. आता मोजत होती ती, लिहीत होते मी. तरी दोन डाइक राहिलेच. नकाशावर तिथे तुटक रेघा आल्या.

त्याचं कारण म्हणून 'भरतीमुळे पोहोचता आले नाही' असं लिहायला मी पेन उचललं होतं. ती म्हणाली, "खरं लिही."

लिहिलं. पट्ट्यासकट सगळं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो परिच्छेद फार आवडला. चूक मान्य करायला धैर्य लागतं, असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. तिला मात्र विचारलं, "तुमचे आकडे बरोबर होते, तर तुम्ही खोडले का?"

निकाल लागला. आम्हा दोघींना एकच श्रेणी मिळाली, तिला हवी होती तिच्या एक पायरी खाली. मला त्या श्रेणीचं काय लोणचं घालायचं होतं, पण तिला ती वरची पायरी हवी होती.

"वा आजी," ती म्हणाली, "चूक तुझी, शाबासकी पण तुझीच."

पीएच.डी.चे अर्ज ती यंदा पुन्हा भरतेय. मी मदत करू का, असं विचारलं, तर म्हणाली, "नको गं आजी. प्लीज."